भाग २७ : थंडीचा खाडा

हा आपल्या पॉडकास्टच्या सत्ताविसाव्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांनी आधी ऐकलाय त्यांना माझा आवाज बसलेला वाटला असेल. तो खरंच बसलेला होता, आणि त्याचं कारणही याच भागात आहे. नेहमीप्रमाणे बोललेलं जरा नीट करून लिहिलंय, फार इस्त्री केलेली नाही.

तर झालं असं. डिसेंबरचा तिसरा आठवडा. अमेरिकेतले क्लायंट नाताळच्या सुट्टीवर जाणार, त्याआधी रिलीज बाहेर पडायला हवी. म्हणजे पुण्यात रात्री दीड-दोनपर्यंत कॉल, सकाळी दहाला पुन्हा स्टँडअप. खोलीत गारठा, पायात मोजे नाहीत, जेवण म्हणजे ॲपवरून येईल ते. चौथ्या दिवशी १०२ ताप भरला. तीन दिवस सिक लीव्ह टाकली. पण लॅपटॉप उशाशीच. ताप मोजायचा, मेसेज बघायचा, परत ताप मोजायचा.

दुसऱ्या दिवशी गावाकडून आजीचा फोन आला. आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. आजीनं माझा आवाज ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, "खाडा पडला का रं?"

मी हसलो, पण नंतर तो शब्द डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरात "खाडा" हा साधा शब्द नाही. माझे आजी-आजोबा बहात्तरच्या दुष्काळानंतर ऊस तोडायला जायला लागले आणि वीसेक हंगाम गेले. तोडीवर एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणजे आजीच्या भाषेत आजारपणाला वेगळा शब्दच नव्हता. आजारपण म्हणजे खाडा.

हल्ली हिवाळा आला की मोबाईलवर एकच धून चालू होते. स्वतःची काळजी घ्या, गरम काहीतरी प्या, पांघरुणात शिरा, शरीराला विश्रांती द्या, निसर्गही झोपतोय, तुम्हीही झोपा. ऐकायला छान आहे. पण पडल्या पडल्या मला प्रश्न पडला : आपल्याकडे हिवाळा हा विश्रांतीचा काळ होता का कधी? आणि असलाच, तर कोणाचा? आजचा भाग या प्रश्नावर.

वाग्भटाचा हिवाळा

सुरुवात जुन्यात जुन्या कागदापासून करू. आयुर्वेदात ऋतुचर्या नावाचा भाग असतो. कुठल्या ऋतूत काय खावं, कसं राहावं, याचं वेळापत्रकच म्हणा. साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय पूर्ण यावरच आहे.

आपली अपेक्षा काय असते? की वाग्भट म्हणेल, थंडी आहे, झोपा. तो जवळजवळ उलटं सांगतो. त्याच्या मते हेमंत ऋतूत, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात, माणूस वर्षातला सगळ्यात बळकट असतो. बाहेरच्या थंडीनं आतली उष्णता कोंडली जाते आणि पोटातला अग्नी भडकतो. या अग्नीला पुरेसं सरपण दिलं नाही, तर तो शरीरच जाळायला लागतो. म्हणून भरपूर खा. गोड, आंबट, खारट खा. नवं धान्य, गहू, उडीद, तेल-तूप, मांसरस, दुधाचे पदार्थ, उसाचे पदार्थ. उसाचे पदार्थ लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

पुढचा दिनक्रम तर वाचण्यासारखा आहे. रात्री मोठ्या असल्यामुळे सकाळी उठल्याउठल्या भूक लागलेली असते, असं निरीक्षण तो नोंदवतो. मग अंगाला तेल, डोक्याला तेल, मर्दन. तरबेज माणसाशी कुस्ती. पायांनी अंग तुडवून घेणं. उटण्यानं तेल काढून स्नान. अंगाला केशर-कस्तुरीचा लेप, अगरूचा धूप. थोडं मद्यही चालतं. झोपायला हलकी पण उबदार पांघरुणं, रेशमाची, लोकरीची. बेतानं ऊन घ्यायचं. पायात कायम पादत्राण. आणि राहायचं कुठे, तर निखाऱ्यांनी तापवलेल्या आतल्या खोलीत किंवा तळघरात.

आता हे कोणासाठी लिहिलंय, ते सांगायची गरज नाही. केशर, कस्तुरी, तापवलेलं तळघर आणि तेल चोळायला माणसं ज्याच्या घरी आहेत, त्याचा हा हिवाळा. पण दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे इथे काळजी घेणं आणि लोळत पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. थंडीत काळजी घ्यायची म्हणजे खायचं, अंग रगडायचं, व्यायाम करायचा. आपल्या दिवाळीच्या अभ्यंगस्नानात, पहाटेच्या तेल-उटण्यात याच विचाराची छोटी, घरगुती आवृत्ती दिसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाग्भटाला दिवसा झोपणं एकंदरीत मान्य नाही. फक्त उन्हाळ्यात चालेल, कारण तेव्हा रात्री लहान असतात. बाकीच्या ऋतूंत दुपारची झोप वाईट. पण सातव्या अध्यायात तो सवलतींची यादी देतो. कुठल्याही ऋतूत दिवसा झोपायला कोणाला परवानगी? जे बोलून बोलून थकलेत त्यांना. हे वाचून पॉडकास्टवाला म्हणून मला बरं वाटलं! पुढे : जे चालून थकलेत, ओझी वाहून थकलेत, कष्टाच्या कामानं थकलेत. जे दुःखानं, भीतीनं खचलेत. म्हातारे, मुलं, अशक्त, जखमी.

चालून थकलेले आणि ओझी वाहून थकलेले. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या राजेशाही वेळापत्रकात, एका ओळीत का होईना, माझ्या आजीला रजा मंजूर आहे. ती तिला कधी मिळाली नाही, हा पुढचा भाग.

विश्रांती पावसाळ्यात होती

युरोपात थंडी म्हणजे शेतावर बर्फ, सूर्य चार वाजता मावळणार, काम बंद. तिथे हिवाळा आणि विश्रांती यांची जोडी समजण्यासारखी आहे. आपल्याकडे काम बंद पाडणारा ऋतू पावसाळा. रस्ते चिखलात, नद्या फुगलेल्या. म्हणून देव आषाढी एकादशीला झोपतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत देवसुद्धा जागे होऊन कामाला लागलेले असतात.

याचा सगळ्यात ठळक पुरावा मराठ्यांच्या लष्करात मिळतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडायच्या आणि पावसाच्या तोंडाशी परत यायच्या. मोठ्या घटनांचे महिने बघा. प्रतापगड, नोव्हेंबर १६५९. सुरतेवरची पहिली स्वारी, जानेवारी १६६४. सिंहगड, फेब्रुवारी १६७०. शाळेत आपण सनावळ्या पाठ केल्या, पण महिन्यांकडे लक्ष दिलं नाही. हिवाळा हा स्वारीचा हंगाम होता.

आणि विश्रांती? तिचा तर नियम होता. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली, तिच्यात लष्कराच्या वर्षाचा क्रम दिलेला आहे. पावसाळ्यात लष्करानं स्वदेशी छावणीस यावं. त्यांच्यासाठी दाणा-वैरण, औषधं तयार ठेवावीत. माणसांना आणि घोड्यांना घरं गवतानं शाकारून ठेवावीत. दसरा झाला की कूच. आज आपण 'छावणी' म्हणतो तेव्हा तंबू डोळ्यांपुढे येतात, पण मराठी कागदांत 'छावणी करणे' म्हणजे बहुतेकदा पावसाळ्याचा मुक्काम.

मला यात सगळ्यात भावलं ते औषधांचं. दमून परत येणाऱ्या माणसासाठी छप्पर, अन्न आणि औषध आधीच तयार ठेवायचं, आणि ती सोय सरकारनं करायची. "स्वतःची काळजी घे बाबा" असं म्हणून त्याला सोडून दिलेलं नाही.

अर्थात फार हळवं व्हायला नको. यातले बरेच जण शेतकरी होते. पावसाळ्यात ते घरी यायचे ते पेरणीला. अर्ध्या लष्कराची विश्रांती म्हणजे भाला ठेवून औत धरणं. आणि शेतकऱ्याचा हिवाळाही मोकळा नव्हताच. खरीप खळ्यावर, रब्बीची ज्वारी रानात, रात्री राखण, शेकोटी. शहरातले लोक हुरडा खायला जातात ना, त्या हुरड्याच्या मागे कोणीतरी रात्रभर पाखरं-डुकरं हाकत जागलेलं असतं. आजही अनेक गावांत शेतीची वीज आळीपाळीनं रात्री येते आणि पौषातल्या रात्री दोनला माणूस गव्हाला पाणी देत गार चिखलात उभा असतो.

पानिपतची थंडी

थंडीत फौज बाहेर आहे, आणि मागून येणारी रसद तुटली, तर काय होतं? याचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपण ते थंडीची गोष्ट म्हणून वाचत नाही.

१७६० च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतला पोचली. समोर अब्दाली. त्यानंतर दोन-अडीच महिने दोन्ही फौजा एकमेकींसमोर बसून होत्या. मराठ्यांच्या तळावर लढवय्यांशिवाय बुणगे, बाजारकरी, यात्रेकरू, बायका-मुलं असा मोठा समुदाय. उत्तरेतली डिसेंबर-जानेवारीची थंडी. अब्दालीच्या लोकांना अशी थंडी घरचीच. दक्खनेतून आलेल्यांना ती नवी, आणि अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत. रसद पोचवायला धडपडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले, आणि मग दाणा-वैरण आटत गेली. जनावरं मेली. शेवटी सरदारांनी भाऊंना सांगितलं की दोन दिवस पोटात अन्न नाही, असं उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. उरलेलं धान्य वाटलं, लोक एकदा पोटभर जेवले, आणि १४ जानेवारी १७६१ ला पहाटे बाहेर पडले.

आता वाग्भट आठवा. थंडीत पोटातल्या अग्नीला सरपण दिलं नाही, तर तो शरीर जाळतो. हे वाक्य मी आधी औषधी उपदेश म्हणून वाचलं होतं. पानिपतच्या तळाबद्दल वाचताना ते जसंच्या तसं हवालासारखं वाटलं.

इथे एक छोटं विषयांतर, कारण मला आकडे तपासायची खोड आहे. आपण सर्रास म्हणतो, पानिपतावर ऐन संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली. गणित तसं सांगत नाही. मकरसंक्रांत इंग्रजी कॅलेंडरच्या तुलनेत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. १७६१ मध्ये संक्रांत १०-११ जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली असणार. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, ती पक्की. संक्रांत मात्र तीन-चार दिवस आधीच येऊन गेली होती, बहुधा तिळगुळाशिवाय. आणि 'संक्रांत कोसळणे' या वाक्प्रचाराला पानिपताची गरजही नाही. संक्रांत कुठल्या वाहनावर बसून येते आणि कुठल्या दिशेला बघते, त्यावरून कोणावर संकट येणार, हे पंचांगात सांगितलेलं असतंच.

डिंकाचे लाडू कोणाचे?

बरं, राजाकडे तापवलेलं तळघर होतं आणि शिपायाला छावणी. बाकीच्यांच्या हिवाळ्याची काळजी कोणी घेतली? उत्तर आपल्या सगळ्यांच्या फडताळात डब्यात भरलेलं आहे.

भोगीची बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वर लोणी. त्या दिवसांत रानात जे जे असतं ते सगळं एकत्र करून केलेली भाजी : हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, पावटा, घेवडा, शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी तिळगूळ. त्याआधी-नंतर डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू. स्निग्ध, गोड, नवं धान्य. वाग्भटाची यादीच, फक्त केशर-कस्तुरी वजा करून बाजरी-तीळ अधिक केलेली. 'अष्टांगहृदय' वाचलेल्या बायका गावात किती असतील? पण हिशोब त्यांना ठाऊक होता.

आता मजा बघा. डिंक, खारीक, खोबरं, सुंठ, तूप, अळीव. हे लाडू अजून कधी करतात? बाळंतपणात. आपल्या समाजात बाईला उघडपणे, कोणी नावं न ठेवता झोपून राहायची परवानगी होती ती बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात. रोज तेल लावून मालीश, शेक-शेगडी, ओवा-शेपाची धुरी, कान बांधलेले, गार पाण्यात हात घालायचा नाही, ओझं उचलायचं नाही. हिवाळ्याची ऋतुचर्या आणि बाळंतिणीची खोली शेजारी ठेवून बघा : तेल, निखारे, ऊब, स्निग्ध खाणं. झिजलेलं शरीर भरून काढायची जी पद्धत आपल्याला माहीत होती, ती दोन्हीकडे तीच.

तीही सगळ्यांना मिळाली असं नाही. माझा धाकटा चुलता फडात जन्मला. फड म्हणजे तोड चालू असलेलं उसाचं रान. पौष महिना होता, असं आजी सांगते, कारण तिला दव आठवतं. पाचटाच्या कोपीत बाळंतपण झालं. तिच्यासोबतच्या बायकांनी दोन दिवस तिच्या वाटणीच्या मोळ्या बांधल्या. बाराव्या दिवशी ती स्वतः फडात उभी राहिली, पोराला बांधाकडेला झोळीत टाकून. त्या दिवसांचे खाडे मुकादमानं मांडले का, असं मी विचारलं. आजी म्हणाली, "मांडल्याबिगर ऱ्हातो व्हय?"

डिंकाचे लाडू तिनं स्वतःच्या एकाही बाळंतपणात खाल्ले नाहीत. आता मात्र दर मार्गशीर्षात ती करते आणि एसटीच्या पार्सलनं मला पाठवते. मी ते कॉल म्यूट करून खातो.

रविवार कुठून आला

खाडा आणि रजा यांच्यातला फरक काय? रजा म्हणजे कामावर न जाऊनही नोंद तुमच्या बाजूनं असणं. हा फरक आपोआप आलेला नाही. कोणीतरी तो मिळवलाय.

मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसं उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम करायची आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे 'दीनबंधु' चालवायचे. त्यांनी १८८४ मध्ये 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी केली आणि आठवड्याला एक दिवस सुट्टीची मागणी लावून धरली. रविवारच का, याला त्यांच्याकडे घरचं कारण होतं. रविवार खंडोबाचा वार. १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली आणि बायकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली.

म्हणजे आपण शनिवारी रात्री "उद्या उठायचं नाही" म्हणून गजर बंद करतो, त्याच्या मागे सभा आहेत, सह्या आहेत, अर्ज आहेत. विश्रांती ही मनाची अवस्था वगैरे नंतर. आधी ती हजेरीच्या वहीतली नोंद आहे.

आणि आता त्या वहीच्या बाहेर राहिलेल्यांकडे येऊ.

थंडी आणि साखर

उसाचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हाच काळ का? कारण थंडी. रात्री गार, दिवसा लख्ख ऊन आणि कोरडी हवा असली की उसाची वाढ मंदावते आणि त्यात साखर साठते. म्हणून साखरेचा उतारा थंडीत चांगला पडतो. आणि एकदा तोडलेला ऊस थांबत नाही. जितका उशीर, तितकी साखर कमी. त्यामुळे कारखाना चोवीस तास चालतो, आणि फडातली माणसं त्याच्या वेगानं पळतात.

महाराष्ट्रात १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली. पश्चिम महाराष्ट्राचं रूप त्यातून बदललं, हे खरंच आहे. पण ऊस तोडायला माणसं आली ती मुख्यतः दुष्काळी पट्ट्यातून. बीड, नगरचा पाथर्डी भाग, मराठवाड्यातले इतर तालुके. दसरा झाला की आमच्या गावातून ट्रक निघतात. सीमोल्लंघनच की ते! फक्त हे लष्कर पावसाळ्यात परत येतं तेव्हा घरं शाकारून, औषधं तयार ठेवून वाट बघणारं कोणी नसतं.

व्यवस्था अशी असते. मुकादम हंगामाआधी 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हो, माणसांच्या जोडीचं नावच कोयता. उचल तोडीतून फेडायची. पहाटे चारला उठायचं, दवानं भिजलेल्या उसात शिरायचं, तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. रात्री ट्रक कधी येईल सांगता येत नाही. येईल तेव्हा भरायचा. बायको आजारी पडली की अख्खा कोयता थांबतो, कारण हिशोब जोडीचा आहे. आणि थांबला की खाडा.

कारखान्याच्या फाटकाच्या आत जे कामगार असतात त्यांना पाळी असते, साप्ताहिक सुट्टी असते, बोनस असतो. लोखंड्यांनी मागितलेला रविवार तिथपर्यंत पोचला. फाटकाच्या बाहेर, जिथून ऊस येतो तिथे, तो पोचला नाही. कारण तोडणारा कारखान्याचा कामगार नाही, तो मुकादमाचा माणूस.

याचा शेवट कुठे होतो, ते २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण भयानक आहे, अशा बातम्या आल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्या वेळच्या बातम्यांत एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये दंड असल्याचं बायका सांगत होत्या. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, सततची कंबरदुखी, फडात ना संडास ना पाणी, आणि प्रत्येक दुखण्याला दंड. काही डॉक्टरांनी भीती घातली, काहींनी घाई केली. बाईनं हिशोब केला की एकदाच काढून टाकली की खाडे वाचतील.

माझ्या आजीची "पिशवी" पस्तिसाव्या वर्षी काढलेली आहे. हे मला कॉलेजात असताना कळलं, तेही सहज, भाजी निवडता निवडता. नंतर किती दिवस झोपून होतीस, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "हंगाम संपल्यावर काढली ना. पट्टा पडल्याव." म्हणजे ऑपरेशनसुद्धा तिनं कारखाना बंद झाल्यावर करून घेतलं. खाडा पडू नये म्हणून.

तर मग विश्रांतीचं काय?

मी हा भाग बनवायला घेतला तेव्हा डोक्यात काहीतरी वेगळं होतं. ऋतुचर्या, लाडू, अभ्यंग, हिवाळ्यात काय करावं याची एक छानशी यादी. ती यादी खोटी नाही. तेल लावा, गरम खा, पायात मोजे घाला, सकाळचं ऊन घ्या. वाग्भटानं सांगितलंय आणि आईही सांगतेच.

पण हा सगळा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी दिसत राहिली. ज्याला ज्याला विश्रांती मिळाली, त्याच्यासाठी कोणीतरी ती आधी तयार ठेवली होती. वाग्भटाच्या राजाला तेल चोळणारे हात होते. छावणीतल्या शिपायासाठी घर शाकारलेलं होतं. बाळंतिणीचं काम घरातली दुसरी बाई ओढत होती. गिरणीतल्या माणसासाठी लोखंडे अर्ज लिहीत होते. आजीच्या मोळ्या दोन दिवस शेजारच्या कोपीतल्या बायकांनी बांधल्या, तेवढीच तिची छावणी.

आणि माझ्यासाठी? माझ्या टीममधल्या एका मुलीनं तीन दिवस माझा ऑन-कॉल घेतला. मी आजारी असताना मेसेज बघत होतो ते जबाबदारी म्हणून नव्हे, भीती म्हणून, हे मला आता कळतं. ती भीती मला कंपनीनं शिकवली असं मी म्हणायचो. थोडी तिथून आलीही असेल. पण थोडी फडातून आलीय. पुढच्या महिन्यात तिची सुट्टी आहे, तेव्हा तिचा ऑन-कॉल माझ्याकडे. हे लिहून ठेवतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तो फोन मात्र पूर्ण सांगायचा राहिला. आजीनं विचारलं, खाडा पडला का रं. मी म्हणालो, "खाडा न्हाई आजी, रजा हाय. पैशे कापत न्हाईत."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आजारी पडल्याव बी पगार देत्यात?"

"देत्यात."

"मंग झोप की लेकरा. कशाला बोलत बसलास."

आणि तिनं फोन ठेवला. मी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला आणि सलग अकरा तास झोपलो.

मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. संक्रांतीला तिळगुळाची वडी तोंडात टाकाल तेव्हा ती साखर कुठल्या महिन्यात, कोणाच्या हातानं तोडलेल्या उसाची आहे, एवढं मनात येऊन जाऊ दे. तुमच्या घरात कोणी तोडीला, गिरणीत, रात्रपाळीला असेल, तर त्यांचे हिवाळे कसे होते ते विचारा आणि मला कळवा. आलेल्या आठवणी, नावं न देता, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. पुढचा भाग पंधरा दिवसांनी. तोवर आवाज सुटलेला असेल.

भेटू. काळजी घ्या, आणि जमलं तर कोणाची तरी घ्या.